एकत्र घरात कुत्रं घ्यायचंय? जात नंतर ठरवा

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा', 'काये की' सारखं सारखं आलं, त्यातलं निम्मं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज टेक नाही, करिअर नाही, पगाराचं गणित नाही. म्हणजे गणित आहे, पण वेगळं.

कळंबहून एका मित्राचा मेसेज आला होता. वाचून दाखवतो. "दादा, आमच्या घरी आम्ही नऊ जण राहतो, दोन चुलते, आजी, लहान पोरं, सगळे एकत्र. मला कुत्रं पाळायचंय. बजेट आठ हजार. लॅब घेऊ की जर्मन शेफर्ड? का पामेरियन बरं पडेल?"

मी हा प्रश्न स्टोरीला टाकला. शंभरातल्या ऐंशी जणांनी लिहिलं, लॅब घे. दहा जणांनी लिहिलं, आठ हजारात चांगला लॅब येत नाही. एकानेही विचारलं नाही की भावा, ते कुत्रं सांभाळणार कोण?

मी पण विचारलं नसतं. चार वर्षांपूर्वी नक्कीच नसतं विचारलं. का, ते आधी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय जातींबद्दल बोलायचा मला हक्क नाही असं वाटतं.

घोस्टची गोष्ट

२०२१. हिंजवडीच्या बाजूला आम्ही चार बीटेकवाले एका फ्लॅटमध्ये. वर्क फ्रॉम होम चालू, चौघांच्या हातात पहिल्यांदाच बरा पगार आणि संध्याकाळी करायला काही नाही. एकाने इन्स्टावर हस्कीचं पिल्लू दाखवलं. निळे डोळे. अठ्ठावीस हजार. चौघांनी सात-सात हजार जीपे केले आणि पिल्लू घरी. नाव घोस्ट. (हो, त्या वर्षी सगळ्या हस्कींची नावं तीच होती. हसू नका.)

विकणारा म्हणाला दोन महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, पाच आठवड्यांपेक्षा जास्त वाटत नाही. आता नियम काय आहे, तर आपल्याकडे २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

पहिले सहा महिने भारी गेले. मग ऑफिसं उघडली. एक जण बंगळूरला गेला, एकाचं लग्न ठरलं, तिसऱ्याने वेगळी रूम केली. जाताना प्रत्येक जण घोस्टला मिठी मारून गेला. फोटो टाकले. रडलेसुद्धा. पण 'मी नेतो' असं कोणी म्हणालं नाही. तसं कोणाचं चुकलंही नाही, कारण तो कोणा एकाचा आहे असं आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

आम्ही कोडिंगवाले याला चांगलं ओळखतो. टीममध्ये एक फाइल असते, सगळे तिच्यात बदल करतात, आणि ती बिघडली की सगळे एकमेकांकडे बघतात. फाइल निदान उपाशी राहत नाही.

मग मी त्याला धाराशिवला आणलं. एप्रिल महिन्यात. तुम्हाला आपल्याकडचा एप्रिल माहीत आहे. बार्शी नाका दुपारी दोन वाजता कसा दिसतो ते आठवा. चाळीसच्या वरचं ऊन आणि हा बर्फात गाडी ओढायला तयार झालेला प्राणी, अंगावर दुहेरी केस. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडासा येतो, बाकी सगळी उष्णता तोंडाने धापा टाकून बाहेर काढायची. घोस्ट लिंबाखाली पडून दिवसभर धापा टाकायचा. आजी त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायची. आणि तेव्हा आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. टँकरच्या पाण्यातून कुत्र्याला आंघोळ, म्हणून काकांची कुरकुर. काकांचं चूक होतं का? नव्हतं.

दोन महिन्यांनी ओळखीतून महाबळेश्वरच्या बाजूला एकाकडे त्याला दिला. तिकडे गार असतं, चांगला राहील म्हणून. सुरुवातीला फोटो यायचे. मग कमी झाले. मग त्या माणसाचा नंबर बंद झाला. आता तो कुठे आहे, मला माहीत नाही. दीड वर्षात त्याने तीन घरं बदलली एवढंच माहीत आहे.

असो. तर आता त्या मेसेजकडे येऊ.

आठ हजार म्हणजे किती?

आठ हजार ही कुत्र्याची किंमत नाही. ती फक्त एंट्री फी आहे. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. आपल्याकडचं गावठी नीट सांभाळलं तर त्याहून जास्तही. आता खर्च वहीत लिहून बघा. मी आमच्याकडचे आणि मित्रांकडचे आकडे सांगतो, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील.

लॅब, वजन तीसेक किलो. पाकिटातलं मध्यम दर्जाचं खाणं, वर अंडी, जंताचं औषध, लसी, गोचिडांचं औषध. सगळं वाटून महिन्याला तीन हजार धरा. वर्षाला छत्तीस हजार. बारा वर्षांत चार लाख बत्तीस हजार. आणि यात आजारपण धरलेलं नाही.

गावठी, वजन पंधरा-सोळा किलो. घरची भाकरी, दही, भात, अंडी, आठवड्यातून दोनदा चिकन. लसी धरून महिन्याला हजाराच्या आसपास. बारा वर्षांत एक लाख चव्वेचाळीस हजार.

म्हणजे फुकट मिळालेलं कुत्रंसुद्धा एका बऱ्या बाईकएवढं पडतं. आणि लॅब जवळजवळ छोट्या कारएवढा. एकत्र घरात हा पैसा कोणाच्या खिशातून जाणार, हे पिल्लू यायच्या आधी बोलायचं. 'बघू' म्हणायचं नाही. आपल्या घरांत 'बघू' म्हणजे शेवटी आई बघते.

मग जात कुठली?

आधी भराभर नको त्या बाद करतो.

हस्की, सेंट बर्नार्ड, चाऊ चाऊ. मराठवाड्यात नको. एसी असला तरी नको, कारण लाईट जाते. विषय संपला.

पग. २००३ मध्ये हचची ती जाहिरात आली आणि सगळ्या देशाला पग हवा झाला. दिसायला गोड, आकाराने लहान, फ्लॅटमध्ये मावतो, सगळं खरं. पण त्याचं नाक इतकं चपटं केलंय की त्याला धड श्वास घेता येत नाही. मगाशी म्हटलं ना, कुत्रं धापा टाकून थंड होतं. ज्याची धापच अडकते, तो आपल्या मे महिन्यात काय करणार? तो झोपेत घोरतो तेव्हा आपण हसून व्हिडिओ काढतो. तो घोरणं नसतं हो, श्वासासाठीची धडपड असते.

जर्मन शेफर्ड. हुशार, इमानी, काम शिकवावं ते शिकतो. पण त्याला रोज एक माणूस लागतो, जो त्याला फिरवेल आणि शिकवेल. एकत्र घरात नऊ जण नऊ तऱ्हेने हुकूम देतात. एक म्हणतो 'बस', दुसरा 'सिट', तिसरा चप्पल दाखवतो. असा गोंधळलेला शेफर्ड पुढे घाबरट होतो आणि घाबरट मोठं कुत्रं चावतं. माणूस असेल तर घ्या. नसेल तर नको.

पामेरियन. आपण ज्याला पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतोय? तोच. लहान घराला, कमी बजेटला हा खरंच वाईट नाही. खातो कमी, ऊन बऱ्यापैकी सोसतो, आजारी कमी पडतो. पण भुंकतो. प्रत्येक कुरियरवाल्यावर, प्रत्येक पाहुण्यावर, कधी कधी भिंतीवर. भाड्याच्या घरात वरखाली शेजारी असतील तर आधी त्यांना विचारा. आणि लहान पोरांनी उचलून दाबलेलं त्याला चालत नाही.

आता लॅब. सगळ्यांचा लाडका. स्वभावाला तोड नाही, पोरांत रमतो, हे मान्यच. पण दोन गोष्टी. एक, तो खाण्याच्या बाबतीत थांबत नाही. ही त्याची नुसती सवय नाहीये. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गायब असतो, आणि त्यामुळे त्याची भूक भागतच नाही. आता एकत्र घराचा विचार करा. आजी अर्धी भाकरी देते, काकू बिस्किट देते, पोरं लपून चिप्स देतात, पप्पा म्हणतात आज त्याने काही खाल्लंच नाही आणि ताट देतात. दोन वर्षांत लॅब टेबलासारखा होतो. दुसरी गोष्ट खुब्याची. खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष या जातीत आढळतो आणि वाढलेलं वजन त्यात भर घालतं. आठ हजारात जो लॅब मिळतो, त्याच्या आईबापांची तपासणी कोणी केलेली नसते. पैसे वाचतात ते पिल्लू घेताना, पुढे ते दवाखान्यात जातात.

कारवानी आणि पश्मी

आता माझा आवडता विषय. जरा रेंगाळतो, चालेल ना?

आपण इन्स्टावर परदेशी जाती शोधतो आणि आपल्या शेजारी, लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे जे कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. कारवानी आणि पश्मी. लातूर, सोलापूर, आपला धाराशिव आणि खाली कर्नाटकात मुधोळपर्यंत हा सगळा पट्टा या कुत्र्यांचा. लांब तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं, पाय हरणासारखे. खांद्यापर्यंत सव्वादोन-अडीच फूट उंच. कारवानीचे केस आखूड, पश्मीच्या कानांवर, शेपटीवर रेशमासारखी झालर. नाव कारवाँवरून आलं असं सांगतात, म्हणजे पश्चिमेकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांसोबत आलेली कुत्री.

कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीची जोडी ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली, आणि तिकडे 'मुधोळ हाउंड' हे नाव झालं. २००५ मध्ये पोस्टाने यावर तिकीट काढलं. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींची नावं घेतली, त्यात मुधोळ होता. त्यानंतर अचानक पुण्यातल्या लोकांना टू बीएचकेमध्ये मुधोळ हवा झाला.

आणि इथेच गडबड आहे. हे कुत्रं उन्हाला बनलेलं आहे, आपल्या मातीतलं आहे, खाणं बेताचं, आजार कमी. ऐकायला सगळं बरोबर वाटतं. पण ते डोळ्याने शिकार करणारं कुत्रं आहे. लांबवर काही पळताना दिसलं की सुटलं. मागून हाक मारून उपयोग नसतो, ते ऐकतच नाही. पिढ्यान् पिढ्या माणसाने त्याला त्याच कामासाठी निवडलंय. ससा, हरण यांच्या मागे. ती शिकार आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण कुत्र्याच्या रक्ताला कायदा कोण सांगणार?

आमच्याकडे काकूंच्या दोन उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यांची करडं अंगणात उड्या मारतात. सहा कोंबड्या. शेजाऱ्यांचं मांजर. तिथे कारवानी आणला असता तर पहिल्याच आठवड्यात भांडण. शिवाय हे कुत्रं लॅबसारखं कोणाच्याही गळ्यात पडत नाही. आपल्या माणसांशी छान, परक्याने हात लावलेला खपत नाही. घरात रोज नवीन पाहुणा, भाडेकरूंचे मित्र, ट्यूशनची पोरं येत असतील तर त्याचाही जीव मेटाकुटीला येतो.

तुमच्याकडे शेत आहे, कुंपण आहे, रोज सकाळी मोकळं पळवणारा माणूस आहे? मग लॅबच्या आधी याचा विचार करा. जानवळला जा, पिल्लाची आई बघा, बांधून ठेवलेली आहे की मोकळी आहे ते बघा, माणसाजवळ येते का ते बघा. हे यातलं काही नसेल तर फोटो बघून समाधान माना. मी तेच करतो.

तांबी

मग आम्ही काय केलं?

घोस्टनंतर दोन वर्षं मी विषयच काढला नाही. मग चुलत भाऊ, सहावीतला, मागे लागला. आमचं घर धाराशिवच्या कडेला, तुळजापूर रोडला. आजी, आई-पप्पा, काका-काकू, त्यांची दोन पोरं, वर तीन भाडेकरू विद्यार्थी. मी पंधरा दिवस पुण्यात, पंधरा दिवस इथे. अंगण एक, नळ एक, गेट एक.

या वेळी पिल्लू बघायच्या आधी जेवताना विषय मांडला. मी म्हणालो, "कुत्रं आणायचं असेल तर एकच माणूस त्याचा मालक. बाकीचे मदत करतील. मी मालक होऊ शकत नाही, मी अर्धा महिना नसतो."

सगळे गप्प. आजी म्हणाली, "घरात देवघर हाय. कुत्रं उंबऱ्याच्या आत नको." पप्पा म्हणाले, "पडवीत राहील." काका म्हणाले, "पाणी?" आणि मग काकू, ज्यांना आम्ही कोणी विचारलंच नव्हतं, त्या म्हणाल्या, "शेळ्यांचं मीच करते ना? त्यात अजून एक. पण मग त्याला कोणी काय खायला द्यायचं ते मी ठरवणार. आणि डॉक्टरकडे न्यायला गाडी तू काढायचीस, गावात असो नसो. नसलास तर पैसे पाठवायचे."

ठरलं. एवढ्या दहा मिनिटांच्या बोलण्यासाठी घोस्टला तीन घरं बदलावी लागली होती.

पिल्लू गिरणीच्या मागचं. गावठी. आईला आम्ही ओळखत होतो, दोन वर्षं त्याच गल्लीत, कधी कोणाच्या अंगावर गेलेली नाही. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. गावठी पिल्लू घेताना आई बघायला मिळते, तीही रोज, फुकट. आठ हजारवाल्या दुकानात ती बघायला मिळत नाही. चार पिल्लं होती. मी जवळ एक स्टीलची ताटली पाडली. एक पळून गेलं ते आलंच नाही. एक हललंच नाही. एक दचकलं, दोन पावलं मागं गेलं आणि परत येऊन ताटली हुंगायला लागलं. तेच घेतलं. असं दचकून परत येणारं पिल्लू गजबजलेल्या घरात निभावतं. ही काही शास्त्रीय परीक्षा नाही, पण काहीच न बघण्यापेक्षा बरी.

कुत्री होती. गल्लीत सगळे म्हणाले, मादी कशाला, पिल्लं होतील, नर घ्या. म्हणूनच तर मादी पिल्लं रस्त्यावर राहतात. सहा महिन्यांनंतर नसबंदी करून घ्यायची, प्रश्न मिटतो. आम्ही सातव्या महिन्यात केली. आठवडाभर टाके जपावे लागले, आजीच्या जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला बांधला होता. रंग तांबूस, म्हणून आजीनेच नाव ठेवलं, तांबी. ज्या आजीला कुत्रं नको होतं त्या आजीने.

पोरं, दात आणि रेबीज

हा भाग फॉरवर्ड करू नका. पाहिजे तर बाकीचा करा.

लहान पोरं असलेल्या घरात पिल्लू आलं की ते पोरांना ओरबाडणार, चावणार. दात येत असतात, खेळत असतं. आणि आपण म्हणतो, "एवढंसं पिल्लू, त्याला काय होतंय." रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याच्या आधी त्याला संरक्षण नसतं. गल्लीतून आणलेल्या पिल्लाला कोण चावलंय, आपल्याला माहीत नसतं. म्हणून पिल्लाचा दात लागून रक्त आलं, ओरखडा उठला, तरी ते कुत्रा चावणंच.

काय करायचं? जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस तिथे फुकट मिळते. ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करायचे, मधेच सोडायचे नाहीत. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत देण्याचं वेगळं इंजेक्शन लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. त्याच्या आधी लस घेतली तर वाचतो. मध्ये दुसरं काही नाही.

आमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे काकांच्या मुलीला, तांबी आली त्या आठवड्यातच दात लागला. बोटावर, तांदळाएवढं. काकू म्हणाल्या, काही नाही हो. मी ऐकलं नाही, चारही वेळा गाडीवर घेऊन गेलो. ती चारही वेळा रडली आणि चौथ्यांदा माझ्यावर चिडून दोन दिवस बोलली नाही. चालेल.

पिल्लाच्या इतर लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे, मग काही आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस. पार्व्होत पिल्लाला रक्ताचे जुलाब लागतात आणि दोन-तीन दिवसांत ते जाऊ शकतं. गावठी आहे, काटक आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून हे टाळू नका. काटक कुत्री आपल्याला दिसतात कारण बाकीची पिल्लंच असताना मेलेली असतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जाऊन या, तिथे काय मिळतं ते विचारा. नाही मिळालं तर खासगीत.

आणि खाण्याचं. कांदा-लसूण घातलेली आमटी नको. चॉकलेट नको. शिजवलेली हाडं नकोत, ती घशात-आतड्यात टोचतात. आणि आपल्या भागासाठी खास, द्राक्षं नकोत. तुमच्याकडे बाग असेल, खाली मणी पडलेले असतील, बेदाणे वाळत घातले असतील, तर कुत्र्याला तिकडे सोडू नका. द्राक्षाने आणि बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर जाईल याचा नेम नसतो. हे मला तांबीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. खरं आहे.

रूममेट असतील तर

हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांसाठी, थोडक्यात. सोसायटी 'कुत्री पाळायची नाहीत' असा सरसकट ठराव करू शकत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. पण सोसायटी वेगळी आणि घरमालक वेगळा. भाडेकराराच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. अकरा महिन्यांच्या करारावर बारा वर्षांचं कुत्रं घेताना हिशेब लावा. आणि रूममेटसोबत वर्गणी काढून कुत्रं घेऊ नका. एकाने घ्यायचं, एकाच्या नावावर, रूम सुटली की ते त्याच्यासोबत जाणार. बाकीच्यांनी लाड करायचे. हे ज्याला कबूल नाही त्याने अजून थांबावं. तोपर्यंत गल्लीतल्या एखाद्याला खाऊ घाला, त्याची लस, नसबंदी करून घ्या.

तर कळंबच्या मित्रा, तुझं उत्तर. लॅबही नको, शेफर्डही नको. आज रात्री जेवताना सगळ्यांना विचार, मालक कोण? कोणीच हात वर केला नाही तर कुत्रं नको. केला, तर गल्लीतलं गावठी पिल्लू बघ, आई शांत असलेलं. आठ हजार वाचवू नकोस, ते पहिल्या वर्षाच्या लसी, नसबंदी आणि खाण्याला लाव. कमी पडले तर तुझ्या पगारातून दे, मेसेज तू केला होतास.

आणि हो, ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी: मागे जो आवाज येतोय ना रेकॉर्डिंगमध्ये, तो माईकचा प्रॉब्लेम नाहीये. तांबी दार खरवडतेय. काकू शेताकडे गेल्यात. आजी बाहेरून ओरडतेय, "घे की आत तिला, ऊन किती हाय!" थांबतो मी. पुढच्या बुधवारी भेटू.